जुने आर्केड गेम घरच्या टीव्हीवर: पुन्हा पुन्हा विचारले जाणारे प्रश्न

ऐरोलीतल्या आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये महिन्यातल्या एका शनिवारी मी कन्सोल जोडते आणि जुने आर्केड गेम लावते. सुरुवातीला चारच जण यायचे. आता खुर्च्या कमी पडतात आणि प्रश्न त्याहून जास्त येतात: ग्रुपवर, लिफ्टमध्ये, ठाण्याच्या मावसभावाकडून रात्री साडेअकराला. तेच तेच परत सांगण्यापेक्षा एकदाच लिहून ठेवलंय. प्रश्न ज्याने जसा विचारला तसाच ठेवलाय. एका उत्तराचा धागा दुसऱ्यात असेल तर तिथे क्रमांक दिलाय.

१. आर्केड कलेक्शन म्हणजे नवीन गेम असतो, की जुनाच गेम नव्या वेष्टनात?

जुनाच, आणि बहुधा असे बरेच जुने गेम एकत्र. व्हिडिओ गेम पार्लरमधल्या, नाणं टाकून खेळायच्या मशीनच्या पोटात एक सर्किट बोर्ड असायचा आणि त्यावरच्या चिपांमध्ये गेमचा प्रोग्रॅम. कलेक्शन काढणारी कंपनी तोच प्रोग्रॅम घेते आणि त्याच्याखाली त्या बोर्डाची नक्कल करणारं सॉफ्टवेअर ठेवते. त्याला एम्युलेटर म्हणतात. प्रोग्रॅमला पत्ताच नसतो की तो आता कन्सोलवर आहे; तो आपला १९९१ सालच्या लाकडी पेटीत असल्यासारखाच चालतो. म्हणून शत्रू त्याच जागी उगवतात, आवाज तोच येतो आणि चुकासुद्धा त्याच राहतात. चुकांबद्दल प्रश्न १५ बघा.

भोवतीचा मेनू, सेव्ह करायची सोय, बटणं बदलायची सोय, जुन्या जाहिरातींची चित्रं, हे सगळं नवीन. चित्रंच नव्याने काढली असतील तर तो रीमेक. त्याबद्दल इथे काही नाही.

२. आमच्याकडे कॅसेटवाला व्हिडिओ गेम होता, फुंकर मारून लावायचो. तेच गेम ना हे?

नावं तीच, गेम वेगळे. आपल्या घरात जे डबे होते ते बहुतेक निन्टेंडोच्या फॅमिकॉमची स्वस्त नक्कल होते, आणि कॅसेटमध्ये असायची ती आर्केड गेमची घरासाठी उतरवलेली आवृत्ती. कॉन्ट्राचंच बघा. आर्केडचा कॉन्ट्रा १९८७चा, उभ्या स्क्रीनचा. घरचा १९८८चा, आडव्या स्क्रीनचा, स्टेज बदललेले. तीस लाइफचा जो कोड आपल्याला अजून झोपेतही आठवतो तो घरच्या आवृत्तीचा आहे. आर्केडमध्ये तो दाबत बसाल तर पहिल्याच सैनिकाकडून मराल. २०१९च्या कॉन्ट्रा ॲनिव्हर्सरी कलेक्शनमध्ये दोन्ही आवृत्त्या आहेत, शेजारी शेजारी लावून बघा.

कलेक्शन घेताना हा फरक फार महत्त्वाचा ठरतो. त्यात लोक कसे फसतात ते प्रश्न ५ मध्ये आहे.

३. मग कन्सोल कुठला घेऊ?

घरात आहे तो. जुन्या गेमसाठी नवा कन्सोल घ्यायची गरज नाही. पीएस४, पीएस५, एक्सबॉक्स, स्विच, सगळ्यांवर मोठी कलेक्शन्स मिळतात.

विकतच घ्यायचा असेल तर एक गोष्ट लक्षात ठेवा. निन्टेंडो भारतात अधिकृतपणे विकत नाही. स्विच येतो तो आयात होऊन, आणि त्याच्या ऑनलाइन दुकानात भारत हा देश निवडता येत नाही. लोक दुसऱ्या देशाचं खातं काढतात आणि त्या देशाचं गिफ्ट कार्ड वापरतात. जमतं, पण खटाटोप आहे. सोनी आणि मायक्रोसॉफ्टची दुकानं भारतात रुपयांत चालतात. तरी माझा स्वतःचा हात स्विचकडेच जातो. त्याचं कारण प्रश्न ७ मध्ये.

४. डिस्क घ्यावी की डाउनलोड करावं?

एक्सबॉक्स सिरीज एस किंवा डिस्क नसलेला पीएस५ असेल तर प्रश्नच मिटला. बाकीच्यांनी डिस्क किंवा स्विचचं कार्ड मिळत असेल तर तेच घ्यावं, कारण जुने गेम दुकानातून गायब होतात. डिसेंबर २०२४मध्ये सेगाने आपल्या जुन्या गेमची बरीच कलेक्शन्स ऑनलाइन विक्रीतून काढून टाकली. ज्यांनी आधी घेतली होती त्यांची राहिली, इतरांना दार बंद.

सेकंडहँड डिस्क घेताना उजेडात तिरकी धरून बघा. पीएस४ आणि पीएस५च्या डिस्क कुठल्याही देशाच्या चालतात, पण त्यावरची वरकड खरेदी, म्हणजे जादा गेमचे पॅक, त्या डिस्कच्या देशाच्या खात्यावरूनच घ्यावे लागतात. माझ्या भाचीने परदेशी डिस्क आणली आणि भारतीय खात्यावरून पॅक घेतला. पैसे गेले, पॅक दिसेना.

५. पहिलं कलेक्शन कुठलं घेऊ? सरळ नाव सांगा.

आधी फुकटात चव घ्या. कॅपकॉम आर्केड स्टेडियम हे २०२१चं कलेक्शन मोफत डाउनलोड होतं आणि त्यात १९४३ हा विमानांचा गेम मिळतो. मिडवेच्या समुद्रावर जपानी आरमाराशी लढायचं, एवढंच. बाकीचे गेम पैसे देऊन जोडता येतात. सगळे मिळून ३२. आवडलं तर पुढे जा. पुढच्या वर्षी आलेल्या दुसऱ्या स्टेडियममध्येही ३२ आहेत, त्यात सनसन मोफत.

मारामारी करत उजवीकडे चालत जायचे गेम ज्यांना हवेत त्यांनी कॅपकॉम बीट एम अप बंडल घ्यावं. २०१८चं आहे, गेम सात: फायनल फाइट, कॅप्टन कमांडो, नाइट्स ऑफ द राउंड, किंग ऑफ ड्रॅगन्स, वॉरियर्स ऑफ फेट, आर्मर्ड वॉरियर्स आणि बॅटल सर्किट. शेवटचे दोन त्याआधी कुठल्याच घरच्या कन्सोलवर आले नव्हते. आमच्या हॉलमध्ये सगळ्यात जास्त हेच चालतं.

इतिहास वाचायची आवड असेल तर २०२२चं अटारी ५० घ्या. गेमबरोबर मुलाखती आणि जुनी कागदपत्रं कालक्रमाने लावली आहेत. खेळायला बसलेला माणूस वाचत बसतो.

एकच गेम हवा असेल तर कलेक्शनच्या भानगडीत पडू नका. हॅमस्टर ही जपानी कंपनी २०१४पासून आर्केड आर्काइव्ह्ज या नावाने एकेक गेम सुटा विकते. मेटल स्लग, किंग ऑफ फायटर्स वगैरे निओ-जिओ या जुन्या आर्केड मशीनचे गेमही तिच्याकडे सुटे मिळतात.

आता फसवणूक नव्हे, पण फसायची जागा. नॅमको म्युझियम आणि नॅमको म्युझियम आर्काइव्ह्ज ही नावं सख्ख्या भावांसारखी दिसतात. पहिल्यात आर्केडचे गेम आहेत. दुसऱ्यात फॅमिकॉमचे, म्हणजे प्रश्न २ मधले कॅसेटवाले. सेगा मेगा ड्राइव्ह क्लासिक्समधला गोल्डन ॲक्ससुद्धा मेगा ड्राइव्ह या सेगाच्या घरच्या कन्सोलचा आहे, आर्केडचा नाही. वर्णनात कुठे फॅमिकॉम, एनईएस (फॅमिकॉमचं परदेशातलं नाव) किंवा मेगा ड्राइव्ह दिसलं की थांबा आणि नीट वाचा. लहान मुलं असतील तर प्रश्न १८ वाचल्याशिवाय नॅमको म्युझियम घेऊ नका.

६. ते सगळं ठीक आहे, मुस्तफा कुठे मिळेल?

दहातले सात प्रश्न हेच. ठाणे, कळवा, वाशी, बेलापूर, सगळीकडून.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: मुस्तफा हे गेमचं नाव नाही. गेम आहे कॅपकॉमचा १९९३चा कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स. त्यात चार खेळाडू निवडता येतात: जॅक, हॅना, मुस्तफा आणि धिप्पाड मेस. पिवळी टोपीवाला मुस्तफा सगळ्यात चपळ, धावत येऊन लाथ मारतो. नावही ओळखीचं, त्यामुळे पोरांनी आख्ख्या गेमलाच ते नाव देऊन टाकलं. मी कोपरीत वाढले. तिथे झेरॉक्सच्या एका दुकानात मागे पडदा होता आणि पडद्याआड दोन मशीन. दुकानदार काकांनी मशीनवर इंग्रजी नाव पुसून खडूने मराठीत "मुस्तफा" लिहिलं होतं. मूळ नाव मला कॉलेजात कळलं.

आता उत्तर: कुठल्याच कलेक्शनमध्ये नाही. हा गेम मार्क शुल्ट्झ या अमेरिकन चित्रकाराच्या झेनोझोइक टेल्स या कॉमिकवर बेतलेला आहे, म्हणजे पात्रं कॅपकॉमच्या मालकीची नाहीत. शिवाय कॅडिलॅक हे मोटारीचं नाव, तेही दुसऱ्याचं. गेम पुन्हा विकायचा तर सगळ्यांशी नव्याने करार हवेत. याच कारणाने तो बीट एम अप बंडलमध्येही आला नाही.

आशा अगदीच सोडू नका. द पनिशर हा गेमही १९९३चाच, त्याच घराण्यातला, आणि परक्याच्या पात्रांमुळे असाच अडकला होता. मार्व्हलशी करार झाला आणि २०२४च्या मार्व्हल व्हर्सेस कॅपकॉम फायटिंग कलेक्शनमध्ये तो आला. तोवर मुस्तफाची तहान भागवायची तर वॉरियर्स ऑफ फेट आणि कॅप्टन कमांडो. पहिल्यात तिघे एकदम खेळतात, दुसऱ्यात चौघे. "मग ते हजार गेमवाले डबे मिळतात त्यात आहे की!" असं म्हणणाऱ्यांनी प्रश्न १९ कडे जावं.

७. टीव्ही ५५ इंची घेतला आणि गेम मधल्या एवढ्याशा चौकोनात. दोन्हीकडे काळं. सेटिंग चुकलंय का?

नाही. जुन्या मशीनचा पडदा ४:३ होता, आपला टीव्ही १६:९. उरलेली जागा काळी राहणारच. पॅक-मॅन, गॅलागा, १९४३ यांचे पडदे तर उभे होते. पॅक-मॅनचं चित्र २२४ ठिपके रुंद आणि २८८ उंच. ते आडव्या टीव्हीवर आणलं की मधोमध एक पट्टी उरते.

ताणून मोठं करायचा पर्याय असतो. तो वापरू नका. पॅक-मॅन पुरणपोळीसारखा लांबट दिसतो आणि गोळ्या नेमक्या कुठे पडतायत याचा अंदाज चुकतो. कॅपकॉमच्या मारामारीच्या गेममध्ये याच्या उलटी गोची आहे: मूळ चित्र ३८४ बाय २२४ ठिपक्यांचं, पण मशीनवर ते ४:३ मध्ये दाबून दाखवायचे. "पिक्सेल परफेक्ट" निवडलंत तर ठिपके चौकोनी येतात आणि माणसं जाडी दिसतात. ४:३च ठेवा.

उभ्या गेमसाठी चित्र ९० अंशांत फिरवायची सोय बऱ्याच कलेक्शनमध्ये असते. त्यासाठी टीव्ही भिंतीवरून काढायला मी सांगणार नाही. पण स्विच उभा धरता येतो, दोन्ही कंट्रोलर काढून. ट्रान्स-हार्बरच्या गाडीत, ऐरोली ते ठाणे, दारापासून लांबची खिडकी आणि उभ्या पडद्यावर गॅलागा. माझ्या स्विचप्रेमाचं कारण एवढंच.

८. स्क्रीनवर आडव्या काळ्या रेषा येतात, बंद करू?

आवडत नसतील तर करा. जुन्या काचेच्या टीव्हीवर त्या दिसायच्या म्हणून मुद्दाम दिल्या आहेत. चित्रं काढणाऱ्यांनी ती धूसरता धरूनच रंग भरले होते, त्यामुळे रेषा लावल्या की चेहरे खरे वाटतात. दहा फुटांवरून बघताना मात्र फरक फारसा कळत नाही.

९. बटण दाबलं की उडी उशिरा मारतो. तेव्हा तर असं नव्हतं. वय झालं का?

वय थोडं, टीव्ही जास्त. मावसभावाच्या नौपाड्याच्या घरी नवाकोरा टीव्ही आला, तेव्हा तो तीन दिवस म्हणत होता की कलेक्शन खराब आहे. गॅलागात पहिल्याच फेरीत मरायचा. मी गेले, टीव्हीच्या रिमोटवरून पिक्चर सेटिंगमध्ये शिरले आणि "गेम मोड" चालू केला. दुसरं काही केलं नाही. तो सातव्या फेरीपर्यंत गेला आणि मग चहा झाला.

नवे टीव्ही चित्र दाखवण्याआधी त्यावर भरपूर प्रक्रिया करतात: हालचाल मऊ करणं, रंग खुलवणं, कडा रेखीव करणं. मालिका बघताना कळत नाही. पण जुना गेम सेकंदाला साधारण ६० चित्रं दाखवतो, म्हणजे एक चित्र जेमतेम १७ मिलिसेकंदांचं. टीव्हीने १०० मिलिसेकंद खाल्ले की तुम्ही सहा चित्रं मागे. गेम मोडमध्ये ही प्रक्रिया बंद होते.

तरी उशीर वाटत असेल तर कन्सोलची एचडीएमआय वायर मधल्या सेट-टॉप बॉक्स किंवा साउंडबारमधून न नेता थेट टीव्हीत घाला. आणि फक्त आवाज उशिरा येत असेल तर दोषी ब्लूटूथ स्पीकर आहे.

१०. साधा कंट्रोलर चालेल, की ती दांडीवाली मोठी स्टिक घ्यावी लागेल?

साधा चालतो. बऱ्याच जणांचं बिघडतं ते अंगठ्याखालच्या फिरत्या दांडीमुळे. ती सोडा आणि फुलीसारखी चार दिशांची बटणं वापरा. निम्म्या तक्रारी तिथेच संपतात.

स्टिक घ्यायचीच असेल तर पॅक-मॅनसाठी एक खाचखळगा आहे. त्याची मूळ दांडी चारच दिशांना जायची. आजच्या स्टिक आठ दिशांच्या असतात, त्यामुळे वळणावर दांडी कोपऱ्यात अडकते आणि पॅक-मॅन सरळ भुताच्या तोंडात. बऱ्याच स्टिकच्या तळाशी एक प्लॅस्टिकची चौकट असते, ती फिरवून किंवा बदलून चार दिशा करता येतात. घेताना दुकानदाराला हे विचारा. स्ट्रीट फायटरला सहा बटणं लागतात, तीन ठोशांची, तीन लाथांची; निओ-जिओच्या गेमना चार पुरतात.

काही गेमना दांडी नव्हतीच. टेम्पेस्टला गोल फिरणारी मूठ होती, सेंटीपीड आणि मिसाइल कमांडला हाताने घरंगळवायचा चेंडू. ते कंट्रोलरवर खेळता येतात, मजा अर्धी येते.

जाता जाता: पीएस४चा जुना कंट्रोलर पीएस५ला जोडला तर पीएस४चे गेम खेळता येतात, आणि यातली बरीच कलेक्शन्स पीएस४चीच आहेत. दुसऱ्या खेळाडूसाठी नवा घेऊ नका.

११. गेम चालू झाला, स्क्रीनवर "इन्सर्ट कॉइन" येतंय, पुढे जातच नाही!

कॉइनचं बटण वेगळं असतं आणि स्टार्टचं वेगळं. कुठलं ते दर कलेक्शनमध्ये बदलतं, मेनूतल्या बटणांच्या पानावर लिहिलेलं असतं. आधी कॉइन, मग स्टार्ट. पार्लरमध्येही हाच क्रम होता.

१२. कॉइन फुकट, हवे तेवढे. तरी दोन दिवसांत कंटाळा आला. असं का होतं?

कारण कॉइन फुकट आहेत.

आर्केड गेम बनवणाऱ्याचा हिशोब असा: नवखा माणूस तीन-चार मिनिटांत मेला पाहिजे, पण चिडून नाही, "अरे थोडक्यात हुकलं" म्हणत. तरच तो पुढचं नाणं काढेल. सगळी मांडणी त्या एका क्षणासाठी. घरी ते नाणं मोफत झालं की मरण्याला अर्थ राहत नाही आणि गेम म्हणजे बटण दाबत पुढे सरकणारा व्हिडिओ होतो. माझा भाचा फायनल फाइट पाऊण तासात संपवून उठला. मी मोजत होते: ४१ कॉइन. "बोअर आहे मावशी," म्हणाला. एका रुपयाच्या हिशोबाने ४१ रुपये. आम्हाला बाबा आठवड्याला दोन द्यायचे.

माझ्याकडे फोटोच्या रिळाची एक काळी डबी आहे, राखाडी झाकणाची. तिच्यात एक रुपयाची पाच जुनी नाणी आहेत. हॉलमध्ये खेळायला बसणाऱ्याच्या हातात ती डबी देते. कॉइनचं बटण दाबायचं तर आधी एक नाणं काढून टीव्हीसमोरच्या स्टीलच्या ताटलीत टाकायचं. टण्ण वाजतं. पाच संपली की उठायचं, पुढचा बसेल. त्याच भाच्याला आता फायनल फाइटचा तिसरा बॉस (स्टेजच्या शेवटी येणारा बडा शत्रू), तो पोलिसाच्या वेशातला, पार करायला दोन महिने लागले. त्या रात्री त्याने आईला व्हिडिओ कॉल केला.

डबीवर विश्वास नसेल त्यांच्यासाठी हॅमस्टरच्या गेममध्ये हाय-स्कोअर मोड आहे, ज्यात सेटिंग बदलता येत नाहीत, आणि कॅरॅव्हॅन मोड आहे, ज्यात पाच मिनिटांत किती गुण होतात ते बघायचं. दोन्हींचे गुण जगभरच्या यादीत जातात.

१३. मेनूत "डिप स्विच" असं काहीतरी आहे. हात लावू का?

लावा, काही मोडत नाही. मशीनच्या बोर्डावर बारीक खटके असायचे, त्यांनी पार्लरवाला ठरवायचा की एका कॉइनला किती लाइफ, गेम किती अवघड, किती गुणांवर जादा लाइफ. पॅक-मॅनमध्ये सहसा १०,००० गुणांवर एक मिळायची. ती बंदही करता यायची. "कळव्याच्या मशीनवर मी चौथ्या स्टेजला जायचो आणि ठाण्यात दुसऱ्यातच मरायचो," असं सांगणारे खोटं बोलत नाहीत. कळव्याचा मालक दिलदार होता एवढंच. नवखे असाल तर अवघडपणा एक पायरी खाली आणा. कॉइन वाढवण्यापेक्षा ते बरं.

१४. रिवाइंड करणं ही चीटिंग आहे का?

रिवाइंड म्हणजे खेळ थोडा मागे नेऊन तोच भाग परत खेळणं. शिकायला वापरा. एकच उडी वीसदा करून बघायला रिवाइंडसारखं काही नाही. मग बंद करा आणि डबी घ्या, प्रश्न १२ मधली.

१५. गेम मध्येच बिघडतो. कलेक्शन परत करता येईल का?

आधी बघा की तो पहिल्यापासूनच तसा होता का. माझ्याकडे आलेल्या अशा तक्रारी बहुतेक मूळ गेमच्याच निघाल्या.

"मेटल स्लग २ फार संथ होतो." होय, १९९८मध्येही व्हायचा. पडद्यावर गर्दी झाली की मूळ बोर्डाला पेलवायचं नाही. कंपनीने पुढच्याच वर्षी दुरुस्त करून मेटल स्लग एक्स काढला. तो घ्या.

"स्पेस इन्व्हेडर्समध्ये शेवटचा एलियन पिसाळल्यासारखा पळतो." १९७८चा गेम, टायटोच्या तोमोहिरो निशिकादो यांनी बनवलेला. पडद्यावर ५५ एलियन. सगळे हलवायला त्या काळच्या प्रोसेसरला वेळ लागायचा. तुम्ही जसजसे मारत जाता तसतसं त्याचं काम हलकं होतं आणि उरलेले वेगाने पळतात. यंत्राची मर्यादा होती, तीच गेमची गंमत झाली.

"पॅक-मॅनमध्ये अर्ध्या पडद्यावर कचरा आला." हा फोन आला तेव्हा मी आधी अभिनंदन केलं. म्हणजे तो २५६व्या लेव्हलला पोचला होता. लेव्हलचा आकडा एका बाइटमध्ये ठेवलाय, त्यात २५५च्या पुढे जागा नाही. फळं काढणारा प्रोग्रॅम गोंधळतो आणि उजवी बाजू अक्षरांनी भरून टाकतो. खायला पुरेसे ठिपके उरत नाहीत, त्यामुळे पुढे जाता येत नाही. पॅक-मॅनचा शेवट तो.

आणि स्ट्रीट फायटर २ मधले कॉम्बो, म्हणजे एकामागोमाग सुटका नसलेले फटके, तेही ठरवून केलेले नव्हते. गाडी फोडायच्या बोनस स्टेजची चाचणी घेताना ते बनवणाऱ्यांच्या लक्षात आलं, पण कोणाला जमणार नाही म्हणून राहू दिलं. जमलं.

खरंच बिघाड असेल, म्हणजे गेम बंद पडून कन्सोलच्या मुख्य पडद्यावर येत असाल, तर अपडेट करा. नाहीच जमलं तर काढून परत टाका.

१६. पुण्याच्या भावाबरोबर ऑनलाइन खेळता येईल?

कलेक्शनवर अवलंबून. स्ट्रीट फायटर ३०थ ॲनिव्हर्सरीमध्ये गेम १२ आहेत, ऑनलाइन फक्त चार. खोक्याच्या मागे हे बारीक अक्षरात असतं. दोघांनीही वायफायऐवजी राउटरची वायर लावली तर खेळ सुरळीत होतो. तरी दिवाळीत भाऊ येईल तेव्हा शेजारी बसून खेळा. हरल्यावर कोपर मारता येतं.

१७. पावसाळ्यात लाइट जाते. खेळ वाया जातो, शिवाय कन्सोलची भीती वाटते.

जूनच्या पहिल्या वादळात आमच्याकडे संध्याकाळी तीनदा गेली होती. कन्सोल आणि टीव्ही दोन्ही छोट्या यूपीएसवर ठेवा, बंद करायला पाच मिनिटं मिळाली तरी पुरे. रेस्ट मोडमध्ये, म्हणजे अर्धवट बंद, सोडून झोपू नका. बॉसच्या आधी सेव्ह करायची सवय लावा. ते चीटिंग नाही, महावितरणाशी केलेली तडजोड आहे.

खाडीकाठच्या दमट हवेत कन्सोल टीव्हीच्या बंद कपाटात कोंडू नका. स्विचची कार्डं सिलिका जेलच्या पुडीसह डब्यात.

१८. सहा वर्षांच्या मुलीला देऊ का? जुने गेम म्हणजे निरुपद्रवीच ना?

बरेचसे. पण २०१७चं नॅमको म्युझियम घेतलंत तर कव्हरवरच्या पॅक-मॅनवर जाऊ नका, त्यात स्प्लॅटरहाउसही आहे: मुखवटा, कुऱ्हाड, रक्त. माझ्या पुतणीने तोच उघडला. कन्सोलवर मुलांसाठी वेगळं प्रोफाइल काढून वयाची मर्यादा लावली तर आख्खं कलेक्शनच बंद होऊ शकतं, कारण वयाचा शिक्का सगळ्यात भयानक गेमप्रमाणे बसतो. तेव्हा शेजारी बसणं हाच उपाय. डिग डग लावून द्या.

१९. लॅमिंग्टन रोडला दहा हजार गेमवाला डबा दोन-तीन हजारांत मिळतो. मग ही कलेक्शन्स घ्यायचीच कशाला?

ठाण्याहून दादर, तिथून बदलून ग्रँट रोड, मीही गेलेय आणि मीही घेतलाय, तर उपदेश करत नाही. कायदा सांगते. एम्युलेटर बाळगणं गुन्हा नाही, पण १९५७च्या कॉपीराइट कायद्यात संगणक प्रोग्रॅम साहित्यकृतींमध्ये धरलेला आहे, आणि त्या डब्यातल्या एकाही गेमची परवानगी कोणी घेतलेली नसते. गेम जुना झाला किंवा बाजारात मिळत नाही म्हणून तो मोकळा होत नाही. मुस्तफालाही हेच लागू.

आता कायदा बाजूला ठेवून अनुभव. दहा हजारांतले निम्मे तेच गेम दुसऱ्या नावाने होते. आवाज फाटका, बटण उशिरा, आणि चौथ्या महिन्यात मेमरी कार्ड गेलं. दुकानदार म्हणाला, "मॅडम, गॅरंटी दुकानाच्या दारापर्यंत." डबा अजून माळ्यावर आहे.

२०. बाबा ७१ वर्षांचे आहेत, आयुष्यात कधी गेम खेळले नाहीत. शनिवारी घेऊन येऊ? त्यांना काय जमेल?

घेऊन या. सहा बटणांचं काही देऊ नका. गॅलागा द्या: डावीकडे, उजवीकडे आणि एक बटण. चारच दिशांची फुली वापरायला सांगा, दांडी नको. अवघडपणा प्रश्न १३ प्रमाणे खाली आणून ठेवीन. पहिल्या तीन नाण्यांना कोणी मागून सूचना देऊ नयेत, विशेषतः नातवंडांनी. आणि हात असलेली खुर्ची मी आधीच टीव्हीसमोर लावून ठेवते. गेल्या महिन्यात आमच्या मजल्यावरचे आजोबा प्लॅस्टिकच्या स्टुलावर दीड तास बसले आणि मग उठताना दोघांना धरावं लागलं.